दोन इंजेक्शने आणि पन्नास वर्षांचा हिशेब

१/ ७ ऑगस्ट १९६३. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांना पुत्र झाला, पण दिवस भरण्याच्या साडेपाच आठवडे आधी. वजन सुमारे २.१ किलो. अवघ्या ३९ तासांत पॅट्रिकचा श्वास थांबला. महासत्तेच्या प्रमुखालाही आपले बाळ वाचवता आले नाही.

२/ दोष फुप्फुसांत होता. वायुकोश उघडे ठेवणारा ‘सरफॅक्टंट’ हा पदार्थ अपुऱ्या दिवसांच्या बाळात पुरेसा नसतो. १९५९ साली मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांनी हे दाखवले होते. उपाय मात्र नव्हता.

३/ तो सापडला न्यूझीलंडमध्ये, वेगळ्याच प्रश्नाच्या शोधात. ऑकलंडचे ग्रॅहम लिगिन्स प्रसूती कशी सुरू होते, हे मेंढ्यांवर अभ्यासत होते. स्टेरॉइड दिलेली कोकरे फार लवकर जन्मूनही श्वास घेत होती!

४/ १९६९ मध्ये लिगिन्स व बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवी यांनी मातांवर चाचणी सुरू केली : बीटामेथासोनची दोन इंजेक्शने, २४ तासांच्या अंतराने. १९७२ चा निष्कर्ष : अवेळी कळा सुरू झालेल्या मातांच्या बाळांत श्वसनविकाराचे प्रमाण २५.८ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आले.

५/ तरीही उपचार रूढ व्हायला दोन दशके लागली. आज वाचलेल्या बाळाला उद्या काही अपाय झाला तर, ही शंका अनेकांना अडवत होती. अनेक चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण १९९० मध्ये आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने १९९४ मध्ये शिफारस केली. कोक्रेन संस्थेच्या बोधचिन्हातील आडव्या रेषा याच उपचाराच्या चाचण्यांच्या आहेत. पुरावा असूनही झालेल्या विलंबाचे ते स्मारकच.

६/ शंकेचे उत्तर ऑकलंडच्याच मुलांनी दिले. तिशीत त्यांची तपासणी झाली. रक्तदाब, रक्तातील मेद, मानसिक क्षमता यांत लक्षणीय फरक आढळला नाही. केवळ साखर दिल्यानंतर इन्सुलिन किंचित अधिक वाढले. पन्नाशीतही हृदयरोगाची जोखीम वाढलेली दिसली नाही.

७/ पण हा निर्वाळा सरसकट नाही. फिनलंडमधील २०२० च्या अभ्यासात, उपचार होऊनही पूर्ण दिवसांनी जन्मलेल्या मुलांत मानसिक व वर्तनविषयक विकारांची नोंद अधिक आढळली. औषधच त्याचे कारण, हे त्यावरून सिद्ध होत नाही. परंतु प्रसूती खरोखर अवेळी होणार का, हे पारखूनच औषध द्यावे, एवढा बोध निश्चित होतो.

८/ औषधाचा गुण काही दिवसांत दिसतो. त्याची निर्धोकता सिद्ध व्हायला मात्र एक अख्खे आयुष्य लागते.