आयुर्विमा आणि वारसांची तरतूद

मुंबईच्या उपनगरांतील देवनार येथें टाटा समाजविज्ञान संस्था आहे. 1936 सालीं निघालेली ही संस्था 1954 सालीं देवनारला आली. तिच्या मुळाशीं एका गृहस्थानें मृत्यूपूर्वीं केलेली व्यवस्था आहे. सर दोराबजी टाटा ह्यांना अपत्य नव्हतें. पत्नी मेहेरबाई 1931 सालीं निवर्तल्या. पुढील वर्षीं त्यांनीं आपली संपत्ति विश्वस्तांच्या स्वाधीन केली आणि त्याच वर्षीं जूनमध्यें देह ठेवला. त्यांनींच 1919 सालीं न्यू इंडिया ही विमाकंपनी स्थापिली होती, हें येथें आठवतें.

धनिकाला असा निधि स्थापितां येतो. पगारावर गुजराण करणाऱ्या कारकुनानें काय करावें? ह्याचें उत्तर विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेविषयींच्या 1874 च्या कायद्याच्या सहाव्या कलमांत सांपडतें. विवाहित पुरुषानें स्वतःच्या आयुष्याचा विमा उतरला, आणि तो पत्नीच्या किंवा मुलांच्या हितार्थ असल्याचें विमापत्रावरच नमूद केलें, तर तें विमापत्रच विश्वस्त निधि ठरतें. त्याला निराळा दस्तऐवज लागत नाहीं. ती रक्कम पतीच्या इस्टेटींत धरली जात नाहीं, सावकाराला तिच्यावर हक्क सांगतां येत नाहीं, आणि खुद्द पतीचीही तिच्यावर सत्ता उरत नाहीं. सावकारांना बुडविण्याच्या हेतूनें उतरलेल्या विम्याला मात्र हें संरक्षण नाहीं.

त्याच 1874 सालीं मुंबईंत ओरिएंटल कंपनी निघाली. पूर्वीं परदेशी कंपन्या हिंदी लोकांचा विमा सहसा उतरीत नसत, आणि उतरलाच तर जादा हप्ता घेत. 1870 सालच्या बॉम्बे म्युच्युअलनें ही रीत मोडली होती. म्हणजे कायदा होता, कंपन्याही होत्या. पण ज्या घरांत त्यांची गरज सर्वांत अधिक, तेथेंच कायदा पोंचेना. एकत्र कुटुंबांत पुरुष निवर्तला कीं त्याचा हिस्सा भाऊबंदांकडे जाई. विधवेच्या वांट्याला अन्नवस्त्र. तिला मर्यादित हिस्सा मिळाला तो 1937 च्या कायद्यानें. आणि 1874 च्या कायद्याच्या दुसऱ्याच कलमानें हिंदु, मुसलमान, बौद्ध, शीख व जैन वगळले होते!

ह्या वगळण्यांत सहावें कलमही येतें काय, ह्यावर न्यायालयांत मतभेद झाला. 1913 च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयानें, हें कलम हिंदूंना लागू नाहीं, असा निर्णय दिला. म्हणजे पत्नीच्या नांवें उतरलेला विमाही पतीच्या इस्टेटींत गेला. मद्रासच्या न्यायालयानें नेमकें उलट ठरविलें. अखेर 1923 सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली. मद्रास इलाख्यांत 31 डिसेंबर 1913 नंतरच्या आणि इतरत्र 1 एप्रिल 1923 पासूनच्या विमापत्रांना सहावें कलम लागू झालें. एकाच सरकारच्या राज्यांत मद्रासच्या विधवेला मुंबईच्या विधवेपेक्षां सव्वानऊ वर्षें अगोदरच्या विमापत्रांचा आधार मिळाला, ही तफावत विचार करण्याजोगी आहे.

1938 च्या विमा कायद्यानें नामनिर्देशनाची सोय केली, आणि तिच्याबरोबर एक गैरसमजही पसरला. ज्याचें नांव लिहिलें तोच धनी, असें घरोघर मानलें जाई. सर्वोच्च न्यायालयानें 1983 सालीं स्पष्ट केलें कीं नामनिर्देशित व्यक्ति रक्कम स्वीकारणारी मात्र, मालकी वारसांची. 2015 सालच्या दुरुस्तीनें आईवडील, पतिपत्नी व मुलें ह्यांच्यापुरता हा नियम बदलला. तथापि नामनिर्देशन विमा उतरणाऱ्याला पुढें केव्हांही फिरवितां येतें. सहाव्या कलमाखालील विमापत्र फिरवितां येत नाहीं. त्यासाठीं लागणारें पुरवणीपत्र विमा उतरतांना अर्जासोबतच भरून द्यावें लागतें. मागाहून तें जोडतां येत नाहीं.