गाडीत पाणी होतं, ड्रायव्हरसाठी नव्हतं

हेडफोन लावलेत ना? पाण्याची बाटली असेल तर जवळ ओढा, कारण आजचा विषय पाण्याचाच आहे. शर्यतीच्या गाडीत बसलेल्या माणसाला तहान लागली तर तो काय करतो? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्याच्या तहानेची जबाबदारी कुणाची?

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. आमच्याकडे सर्व्हर जरा तापला की रात्री दोन वाजतासुद्धा फोन वाजतो. फॉर्म्युला वनच्या गाडीतही शेकडो सेन्सर असतात. इंजिन, ब्रेक, टायर, गिअरबॉक्स, सगळ्यांचं तापमान पिटमधल्या स्क्रीनवर दिसत असतं. इंजिन तापलं की इंजिनिअर लगेच रेडिओवर सांगतो, जरा दमानं घे. पण त्याच गाडीत आणखी एक यंत्र असतं, ते ३७ अंशांवर नीट चालतं आणि ४० च्या आसपास बिघडायला लागतं. ही जागतिक स्पर्धा सुरू झाली १९५० साली. या यंत्राला थंड ठेवण्याची सोय नियमात यायला २०२५ उजाडलं. मधल्या ७५ वर्षांत काय चाललं होतं, तीच आजची गोष्ट.

चला, ब्वेनोस आयर्सला. १६ जानेवारी १९५५, अर्जेंटिनाची शर्यत. तिकडे जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. सावलीत पारा पस्तिशीच्या पुढे आणि डांबरावर पन्नाशीच्या पुढे. शर्यत ९६ फेऱ्यांची, तीन तास चालणारी. ड्रायव्हर एकामागून एक पिटमध्ये येऊन गाडीतून अक्षरशः बाहेर पडत होते. त्या काळी नियम असा होता की एक दमला तर दुसऱ्यानं त्याची गाडी घ्यायची आणि गुण वाटून घ्यायचे. दुसऱ्या नंबरावर आलेली फेरारी तिघांनी मिळून चालवली होती!

त्यात स्टर्लिंग मॉसची गंमत ऐका. त्याची मर्सिडीज मध्येच बंद पडली, म्हणून तो उतरून ट्रॅकच्या कडेला आडवा झाला. अँब्युलन्सवाल्यांना वाटलं, याला ऊन लागलं. त्याला स्पॅनिश येत नव्हतं, त्यामुळे 'मी ठीक आहे' हे पटवता पटवता त्याच्या नाकी नऊ आले. शेवटी तो सुटून परत आला आणि टीममधल्या दुसऱ्या गाडीत जाऊन बसला.

त्या दिवशी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकट्यानं गाडी चालवणारे फक्त दोघं. रॉबेर्तो मिएरेस आणि हुआन मॅन्युएल फांजिओ. दोघंही तिथलेच, त्या उन्हात वाढलेले. फांजिओ जिंकला, तेव्हा तो ४३ वर्षांचा होता. गाडीच्या तापलेल्या लोखंडानं त्याचा पाय भाजला होता. नंतर तो सांगायचा की, आपण बर्फात पुरलेले आहोत अशी कल्पना करत त्यानं फेऱ्या काढल्या. म्हणजे १९५५ ची कूलिंग सिस्टीम काय, तर कल्पनाशक्ती.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. तेव्हा निदान माणूस बदलायची मुभा होती. आमच्या भाषेत बॅकअप होता. १९५८ पासून वाटून चालवलेल्या गाडीला गुण मिळणं बंद झालं आणि तो बॅकअप गेला. आता माणूस एकच, आणि त्याला थंड ठेवायची सोय शून्य.

पुढे जायच्या आधी थोडं विज्ञान. ड्रायव्हरच्या पाठीमागे इंजिन, दोन्ही बाजूंना रेडिएटर, अंगावर आगीपासून वाचवणारा अनेक थरांचा सूट, आत तसेच आतले कपडे, डोक्यावर हेल्मेट. सिंगापूरसारख्या शर्यतीत दोनेक तासांत दोन-तीन लिटर घाम जातो. घाम अंग थंड करतो, पण फक्त तो सुकला तर. एक लिटर घाम सुकताना अंगातली सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. सूटमध्ये नुसता मुरला तर काहीच घेऊन जात नाही. जुलैत मुंबईत दोरीवर टाकलेले कपडे आठवा. दमट हवेत घामाचंही तेच होतं. पाणी जातं, गारवा मात्र येत नाही. मग रक्त घट्ट होतं, हृदय धावायला लागतं आणि आधी जाते ती एकाग्रता. ऑफिसात एकाग्रता गेली तर कोडमध्ये बग येतो. ताशी ३०० किलोमीटरवर गेली तर काय होईल, ते सांगायची गरज नाही. आणि धोका त्याच्या एकट्याला नसतो, शेजारून जाणाऱ्यालाही असतो.

आता १९८२. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात बोचरी गोष्ट. २१ मार्च, रिओ दि जानेरो. शर्यत घरची, आणि नेल्सन पिके जिंकला. पोडियमवर चढला आणि तिथेच चक्कर येऊन कोसळला. त्याचाच टीममेट रिकार्डो पात्रेसे तर थकून आधीच गाडीतून उतरला होता. आता पुढची गंमत. पिकेच्या गाडीत पाणी होतं. चांगली टाकी भरून! पण ते कुणासाठी होतं? कागदावर, ब्रेक थंड करण्यासाठी. प्रत्यक्षात, वजनासाठी.

झालं असं होतं की गाडीचं किमान वजन ५८० किलो ठरलेलं होतं. टर्बो इंजिनवाल्यांशी टक्कर द्यायची तर बाकीच्यांना गाडी हलकी हवी होती. नियमात एक फट होती. शर्यतीनंतर, वजन करायच्या आधी, गाडीतली द्रव्यं पुन्हा भरता येत. मग यांनी काय केलं? पाण्याची टाकी बसवली, सुरुवातीच्या फेऱ्यांत पाणी ओतून टाकलं, हलक्या गाडीनं शर्यत मारली आणि शेवटी टाकी भरून वजनकाट्यावर उभे! तक्रार झाली, एप्रिलमध्ये निकाल लागला. पहिला आलेला पिके आणि दुसरा आलेला केके रोसबर्ग, दोघंही बाद. तिसरा आलेला अ‍ॅलन प्रॉस्ट विजेता ठरला.

विचार करा. गाडीतलं पाणी रस्त्यावर सांडत होतं, आणि ती चालवणारा माणूस पाण्यावाचून कोसळत होता. यात कुणी राक्षस नव्हतं. सगळे हुशार इंजिनिअर होते. त्यांच्या हिशोबात पाणी म्हणजे वजन, बस्स.

दोन वर्षांनी डॅलस. ८ जुलै १९८४, टेक्सासचा उन्हाळा, ट्रॅकचं डांबर उखडायला लागलेलं. ऊन टाळायला शर्यत सकाळी अकराला ठेवली. त्यासाठी इतक्या लवकर उठावं लागलं, म्हणून जॅक लाफीत चक्क पायजम्यात ट्रॅकवर आला! नायजेल मॅन्सेल पहिल्या जागेवरून सुटला होता. शेवटी रेषेच्या अलीकडेच त्याची लोटस बंद पडली. तो उतरला, गाडी ढकलायला लागला आणि ढकलता ढकलता बेशुद्ध पडला. मिळाला सहावा नंबर, एक गुण. तो फोटो आजही शौर्याचा म्हणून फिरतो. जिंकला कोण? केके रोसबर्ग. त्यानं हेल्मेटखाली पाणी खेळवलेली थंड टोपी घातली होती. म्हणजे उपाय १९८४ मध्ये समोर होता, चालतही होता. तरी तो सगळ्यांसाठी आला नाही. का?

कारण वजन. ढोबळ हिशोब असा सांगतात की गाडीत १० किलो वाढले की फेरीला साधारण ०.३ सेकंद जातात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणजे फेरीला ०.०३ सेकंद. ५७ फेऱ्यांच्या शर्यतीत हे झाले पावणेदोन सेकंद. पितापिता ते कमी होत जातं हे खरं, पण जिथे नंबर दशांश सेकंदानं हुकतो, तिथे पाण्याची बाटली ही चैन ठरते.

म्हणून २०१४ मध्ये, नवीन इंजिनं जड झाली तेव्हा, उंच्यापुऱ्या एड्रियन सुटिलनं वजन वाचवायला पाण्याची बाटलीच काढून शर्यत चालवली. बाटली असली तरी सुख नाही. स्टिअरिंगवरचं बटण दाबलं की नळीतून पेय हेल्मेटमध्ये येतं, पण अर्ध्या तासात त्याचा चहा झालेला असतो. हंगेरी, २०१८. किमी रायकोनेननं बटण दाबलं तर काहीच येईना. सुटायच्या आधी नळी जोडायलाच टीम विसरली होती! भर उन्हाळ्यातली पूर्ण शर्यत त्यानं कोरड्या घशानं चालवली आणि तिसरा आला. आपण सगळे हसलो, मीम केले. इंजिनची एखादी नळी जोडायची राहिली असती तर कुणी हसलं असतं का?

मग आलं कतार. ८ ऑक्टोबर २०२३, लुसैल. शर्यत रात्रीची, तरी पारा तिशीच्या वर आणि हवा दमट. टायरच्या सुरक्षेसाठी एका सेटवर १८ च फेऱ्या असा नियम त्या दिवसापुरता केला होता. त्यामुळे टायर जपायची गरज उरली नाही आणि सगळे ५७ फेऱ्या जीव तोडून पळाले. म्हणजे टायरची काळजी घेतली, तिचं बिल माणसानं भरलं. एस्तेबान ओकॉनला हेल्मेटमध्येच उलटी झाली. लान्स स्ट्रोलनं सांगितलं की वेगवान वळणांवर त्याची शुद्ध हरपत होती. लोगन सार्जंटला शर्यत सोडावी लागली. अ‍ॅलेक्स अल्बनला वैद्यकीय कक्षात न्यावं लागलं.

या वेळी मात्र 'काय धाडसी पोरं!' एवढ्यावर भागलं नाही. एफआयएनं २०२४ मध्ये गाडीत हवा घ्यायला जास्तीचं एक तोंड ठेवायची परवानगी दिली, आणि २०२५ च्या नियमात उष्णतेची व्याख्याच आली. उष्णता आणि दमटपणा मिळून होणारा हीट इंडेक्स ३१ अंशांच्या वर जाण्याचा अंदाज असेल तर 'हीट हॅझर्ड' जाहीर करायचा. मग गाडीत कूलिंग यंत्रणा बसवायची, ड्रायव्हरला बारीक नळ्यांचा, थंड द्रव खेळवणारा बनियन द्यायचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिंगापूरला हे पहिल्यांदा जाहीर झालं.

या नियमातला मला सगळ्यात आवडलेला आकडा ३१ नाही. तो आहे ५. अशा शर्यतीत गाडीचं किमान वजन ५ किलोनं वाढवतात, म्हणजे यंत्रणा बसवल्यानं कुणी मागे पडत नाही. आणि ज्याला बनियन नको, त्याला २०२५ मध्ये त्याऐवजी अर्धा किलो वजन गाडीत ठेवावं लागायचं. म्हणजे गारवा नाकारून फायदा नाही! २०१९ मध्ये ड्रायव्हर आणि त्याच्या सीटचं मिळून ८० किलो किमान वजन ठरवलं, त्यातही हेच शहाणपण होतं. त्याच्या आधी ड्रायव्हर उपाशी राहून किलो कमी करायचे.

मंडळी, ७५ वर्षं कुणाला माहीत नव्हतं असं नाही. फांजिओला माहीत होतं, रोसबर्गकडे तर टोपीच होती. पण जोवर पाणी पिणारा हरतो, तोवर कुणी पाणी पीत नाही. 'काळजी घ्या रे' म्हणून भागत नाही, काळजी घेणाऱ्याचं नुकसान थांबवावं लागतं.

मे महिन्यात दुपारी दोनला आपल्या दारात पार्सल घेऊन येणारा मुलगा आठवा. तो किती मिनिटांत पोचला, हे आपल्या स्क्रीनवर दिसतं. पाणी प्यायला तो थांबला तर ती दोन मिनिटं कुणाच्या खात्यात जातात? त्याच्यासाठी ते ५ किलो अजून कुणी वाढवलेले नाहीत. तोवर निदान दार उघडताना आपल्या हातात एक ग्लास असू दे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा, आणि ती बाटली उघडा आता.