‘पाणी’ सापडलं, ‘पाण्याची’ सापडेना

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये शहापूरहून काकांचा फोन आला. “अरे, तुझ्या ॲपात सगळं लिवलंय म्हणतोस ना? मग दाखवत का नाय?”

काका त्यांच्या गावच्या नळपाणी योजनेच्या समितीवर आहेत. मी ज्या कंपनीत काम करतो ती अशा समित्यांसाठी हिशेबाचं ॲप बनवते. पाणीपट्टी, पंपाचं वीजबिल, टाकीची पातळी, टँकरच्या खेपा, असं सगळं त्यात नोंदवता येतं. ॲपची मदतीची पानं मराठीत आहेत, दोन-अडीचशे तरी असतील. त्यांत शोध घेण्याची सोय करायचं काम माझ्याकडे होतं.

काकांनी लिहिलं होतं, ‘टाकीच्या पाण्याची नोंद’. आमच्या पानाचं नाव होतं, ‘टाकीतील पाणी कसे नोंदवावे’. माणसाला दोन्ही एकच वाटतात. यंत्राला तीनपैकी एकही शब्द जुळलेला दिसला नाही. उत्तर आलं, ‘काहीही सापडले नाही’.

मी मुरबाडचा. शहापूर शेजारचाच तालुका. तानसा आणि भातसा ही धरणं शहापूर तालुक्यातली. तानसाचं पाणी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून मुंबईला जातंय. त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण आमच्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. त्या दिवशी मात्र ती माझ्यावरच उलटली. मदत लिहिलेली होती, पण काकांपर्यंत पोहोचत नव्हती.

सर्च इंजिन निवडताना मी काय पाहिलं होतं? वेग, किंमत आणि सर्व्हरला लागणारी मेमरी. इंजिनिअरिंगला हेच मोजायला शिकवलं होतं. सगळ्यात आधी ब्राउझरमध्येच चालणारी एक छोटी लायब्ररी घेतली होती. सर्व्हरची गरज नाही आणि माळशेजकडे नेटवर्क गेलं तरी चालेल, म्हणून मी खूश होतो. पण शब्दाच्या कडेची विरामचिन्हं काढताना ती इंग्रजी अक्षरं आणि आकडे सोडून सगळंच कचरा समजायची. म्हणजे अख्खा मराठी शब्द कचऱ्यात. ती सोडून मी मोठ्या इंजिनाकडे वळलो होतो आणि काकांचा फोन आला तो त्यानंतर.

मग या इंजिनांचा इतिहास वाचायला बसलो. मूळ कल्पना साधी आहे. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, कोणता शब्द कोणत्या पानावर आहे ते सांगणारी. सर्च इंजिनही आधी तशीच सूची बनवून ठेवतं. १९६०च्या दशकात जेरार्ड सॉल्टन यांनी हार्वर्डला आणि पुढे कॉर्नेलला ‘स्मार्ट’ नावाची शोधप्रणाली उभी केली. १९७२ मध्ये केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी दाखवलं की जो शब्द कमी पानांवर येतो त्याला जास्त वजन द्यायला हवं. आमच्याकडे ‘पाणी’ सगळीकडेच आहे, ‘व्हॉल्व्ह’ मोजक्या पानांवर. ‘पाणी व्हॉल्व्ह’ शोधणाऱ्याला व्हॉल्व्हचं पान आधी दिसावं, ते याच विचारामुळे.

डग कटिंग यांनी ‘ल्यूसीन’ खुलं केलं. नाव बायकोच्या मधल्या नावावरून. त्यावर योनिक सीली यांनी २००४ मध्ये ‘सोलर’ सुरू केलं. शाय बॅनन यांना स्वयंपाक शिकणाऱ्या बायकोच्या पाककृतींसाठी शोधयंत्र करायचं होतं. त्या खटाटोपातून २०१० मध्ये ‘इलॅस्टिकसर्च’ आलं. आज यातलं कोणतंही घ्या, आत ल्यूसीनच असतं. म्हणजे ‘सोलर की इलॅस्टिक’ यावर मी ज्या बैठका घालवल्या, त्यांनी काकांना काडीचाही फरक पडणार नव्हता.

फरक पडणार होता तो त्यातल्या भाषेच्या भागाने. इंग्रजीसाठी मार्टिन पोर्टर यांनी १९८० मध्येच शब्दांचे प्रत्यय कापायचे नियम छापले होते. ल्यूसीनबरोबर येणाऱ्या भाषांच्या यादीत मला हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू, अगदी नेपाळीही सापडली. मराठी नव्हती.

लिपी एकच आहे म्हणून हिंदी लावून पाहिली. जमलं नाही. हिंदीत ‘पानी का’ असे दोन सुटे शब्द लिहितात. मराठीत ‘पाण्याचा’, ‘पाण्यामुळे’, ‘पाण्यासाठी’ असं सगळं चिकटून येतं, आणि चिकटताना मूळ शब्दही बदलतो. विहीरचं विहिरी, माणूसचं माणसा. शाळेत हे ‘सामान्यरूप’ म्हणून पाच मार्कांसाठी पाठ केलं होतं. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ मध्ये छापलं गेलं. माणसांसाठी नियम तेव्हापासून पुस्तकात आहेत, पण माझ्या इंजिनात ते कुणी घातलेच नव्हते.

काम अजिबातच झालं नव्हतं असं नाही. २००८ मध्ये ‘फायर’ हा भारतीय भाषांमधल्या शोधाचा उपक्रम सुरू झाला आणि त्यासाठी मराठी वर्तमानपत्रांतल्या बातम्यांचा संग्रह तयार झाला. आयआयटी मुंबईच्या सहभागातून झालेल्या ‘संधान’ या शोधयंत्रात मराठी होती. आणि स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल विद्यापीठातल्या लिलिआना डोलामिच आणि झाक साव्हॉय यांनी २०१० मध्ये हिंदी, मराठी आणि बंगालीतल्या शोधाचा तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला, मराठीचे प्रत्यय काढायचे नियमही बनवले. मुरबाडच्या पोराला ‘च्या’, ‘ची’, ‘साठी’ कापायची वाट स्वित्झर्लंडमधून सापडली, याची गंमतही वाटली आणि थोडी लाजही.

आणखी एक खड्डा होता. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द दोन फोनवर लिहा. पडद्यावर सारखाच दिसेल. पण एक कीबोर्ड ‘ऱ’ला हलन्त जोडतो, दुसरा साध्या ‘र’ला हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह लावतो. यंत्राच्या लेखी हे दोन वेगळे शब्द. आधी ते एक करावे लागले.

शेवटी इंजिन बदललंच नाही. त्यावर आम्ही प्रत्यय कापायचे नियम चढवले, सामान्यरूपांचा तक्ता दिला आणि सगळे शब्द जुळलेच पाहिजेत ही माझी अट काढून टाकली. काकांचं पान पहिल्या क्रमांकावर आलं.

मग आणखी एक केलं, जे खरं तर पहिल्या दिवशी करायला हवं होतं. ‘काहीही सापडले नाही’ असं उत्तर मिळालेल्या शोधांची यादी काढली. आम्ही लिहिलं होतं ‘जलजोडणी’, लोक शोधत होते ‘नळ’. आम्ही ‘देयक’, लोक ‘बिल’. आम्ही ‘तक्रार निवारण’, आणि कुणीतरी रात्री पावणेबाराला लिहिलं होतं, ‘पाणी नाय आलं’. व्याकरणाचे कुठलेही नियम लावून ‘तक्रार निवारण’चं ‘पाणी नाय आलं’ होत नाही.

तेव्हापासून दर सोमवारी ती यादी वाचतो आणि पानांची नावं बदलतो. तक्रारीच्या पानाचं नाव आता ‘पाणी आलं नाही तर’ असं आहे. काकांना सांगितलं, तर म्हणाले, “मग आधी काय लिवलं होतं?”

मी विषय बदलला.