बस्ती आणि तट

बेळगावकर आपण होऊन किल्ला पाहायला सहसा जात नाही. पाहुणे आले की जातो. मीही चाळीस वर्षे तेच केले. दुर्गादेवीला हात जोडायचे, कमलबस्तीत नेमिनाथांचे दर्शन घ्यायचे आणि दवाखान्याची वेळ गाठायची. यंदा मात्र नातवाबरोबर एक अख्खी सकाळ तिथे घालवली.

रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने १२०४ साली ही बस्ती बांधली. छतातून दगडी कमळ खाली उमलले आहे; त्याच्या ७२ पाकळ्या म्हणजे तिन्ही काळांतले चोवीस-चोवीस तीर्थंकर. नातवाने मान दुखेपर्यंत त्या मोजल्या.

त्या काळचे बेळगावचे दोन शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बार्नेट यांनी ते वाचून छापले. भाषा मुख्यतः जुनी कानडी. सीमालढ्यात सत्याग्रह केलेल्या माझ्या वडिलांपुढे हे वाक्य उच्चारायला मी कचरलो असतो. पण लेखात राजाइतकाच मान बाजाराला आहे. वेणुग्रामात, म्हणजे आपल्या बेळगावात, जमलेल्या व्यापाऱ्यांत लाट देशाचे, म्हणजे दक्षिण गुजरातचे लोक आहेत, मलयाळीही आहेत. आणि मालावरचा काही वाटा त्यांनी जिनालयाला लावून दिला आहे. सरहद्दीचे गाव असेच वसते. आमची आजी नेमिनाथांपुढे कानडीत गाऱ्हाणे मांडायची आणि बाहेर येऊन आम्हाला मराठीत रागवायची. रोग्याची हकीकत घेताना मी त्याच्या आजोबा-पणजोबांपर्यंत जातो; गावाच्या बाबतीत मात्र आपण १९५६ च्या मागे जायला तयार नसतो.

तटाची गोष्ट निराळी. तो ज्याच्या हाती, त्याची सरहद्द. रट्टांनंतर यादव, मग विजयनगर, १४७३ साली बहमनींचा वजीर महमूद गवान, पुढे आदिलशाही, मराठे. १८१८ मध्ये मन्रोच्या तोफांपुढे पेशव्यांची शिबंदी तीन आठवडे टिकली. १० एप्रिलला किल्ला पडला. आता आसपास लष्कराची छावणी आहे.

याच तटाच्या आत सफा मशीद आहे. तिच्या खांबांवर एक लेख रट्टांचा, एक यादव कृष्णाचा. भाषा कानडी, लिपी मात्र नागरी! मराठी शाळेत शिकलेल्याने अक्षरे लावावीत आणि अर्थ जुनी कानडी जाणणाऱ्याला विचारावा.

परतताना तटात बसवलेला एक नक्षीचा दगड नातवाला दिसला. हा कुठल्या देवळाचा, असे त्याने विचारले. दवाखान्याची वेळ टळून गेली होती, तरी आम्ही पुन्हा आत गेलो.