वाघोराच्या घळीत जायचंय? भोकरदनहून गाडी धरा

उठा, तांबडं फुटलं! तुम्ही दोन हजार वर्षं मागे आलात. केळना नदीकाठचं हे आपलं जालना जिल्ह्यातलं भोकरदन, पण इथे कुणाला विचाराल तर ‘भोगवर्धन’ म्हणा. उज्जैनकडे निघालेला तांडा अजिंठ्याचा घाट उतरणार आहे. त्याच्याबरोबर निघायचं, म्हणजे वाघोरा नदीची घळ, जिथे अजिंठ्याची लेणी कोरतायत, ती गाठता येईल.

आधी बाजार करा. नाकाला पदर लावा, शंख कापणाऱ्यांच्या गल्लीत पांढरी भुकटी उडतेय. कारागीर पायाच्या अंगठ्यांत शंख दाबतो, ओली रेती घालत करवत चालवतो. कर्रकर्र आवाजाने दात आंबतात. कडं सुटतं, तो ते दगडावर घासतो आणि तुमच्या हातात चढवतो. अजून ऊन ऊन लागतंय! शेजारी हस्तिदंत कोरतायत. अशाच घडणीची एक मूर्ती दूर रोमनांच्या पाँपेईत सापडणार आहे.

शिदोरीला भाकरी, गूळ, मीठ घ्या. मिरची मागू नका, ती अजून या देशात आलेलीच नाही. तिखट हवं तर मिरे चावा. पखाल काठोकाठ भरा. आश्विनातल्या दुपारी काळा कातळ तव्यासारखा तापतो. आणि रात्री शेकोटीजवळच झोपा, रानात वाघ आहेत.

घाटात गाडीवान मागे ओंडका बांधतो. बैल फुरफुरतात, धूळ घशात उतरते. पायथ्याला नदीच्या पात्रातून गोटे तुडवत चला. वळण घेतलंत की नालाच्या आकाराचा उभा कडा अंगावर येतो. छिन्न्यांचा खणखणाट समोरच्या कड्यावर आपटून दुप्पट होतो. लेणं वरून खाली कोरत आणतायत, म्हणून डोकं सांभाळा, कपच्या पडतात. घामात भिजलेला पाथरवट सरकून तुम्हाला सावलीत जागा देतो.

आता लेण्याला दान द्यायला कनवटीची कार्षापण नाणी काढा. इथे लेण्याचा दर्शनी भाग एकाने दिला, भिंत दुसऱ्याने. नाव विचारतील, गावही ठणकावून सांगा. भारहुत आणि सांचीच्या स्तूपांवर भोगवर्धनच्या दात्यांची नोंद दगडात कोरलेली आहे. ही घळ भिक्षूंची आहेच, पण शंख कापणाऱ्यांची, गाडीवानांची, मिरे विकणाऱ्यांचीही आहे. जालन्याच्या माणसाने इथे पाहुण्यासारखं बुजून उभं राहू नये.