उसवलेल्या स्वेटरचा पुरावा

१ जून १९४१ ला ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग आलं. विणायची लोकरही कुपनावर. मग जुने स्वेटर उसवणं सुरू झालं. उसवलेला धागा नागमोडी असतो. त्याची लडी धुऊन, वजन टांगून वाळवली की तो सरळ होतो. केराटिनमधले हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात, वाळताना नव्याने जुळतात (हे माझ्या आवडीचं रसायनशास्त्र!). उरलेल्या रंगीत तुकड्यांचे मग पट्टे. १९४३ ची ‘मेक डू अँड मेंड’ ही सरकारी पुस्तिकासुद्धा उसवून पुन्हा विणायलाच सांगते. पण घराघरात किती विणलं गेलं, हे त्यावरून कसं ठरवणार? मूळ स्वेटर तर उसवण्यातच संपला. संग्रहालयात त्या काळातला पट्ट्यांचा स्वेटर दिसला, तर उलट्या बाजूच्या गाठी आधी मोजा.