मतदारांची ओळख व मतदान

मतदारांची ओळख व मतदान : मतदानासाठी आलेली व्यक्ती ही मतदारयादीत नोंदलेली तीच व्यक्ती आहे, याची खात्री करून घेण्याची पद्धती आणि तिचा मतदारांच्या वर्तनावर व मनोवृत्तीवर होणारा परिणाम. तोतयेगिरीस आळा घालणे हा या पद्धतीचा मूळ हेतू होय. तथापि ओळख पटविण्याचा भार शासनाने उचलावयाचा की मतदाराने, यावर तिचा परिणाम बव्हंशी अवलंबून असतो, असे तिच्या इतिहासावरून दिसते.

भारतातील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी (१९५१–५२) सु. १७ कोटी ३० लक्ष मतदार होते व त्यांपैकी बहुसंख्य निरक्षर होते. त्यांच्याकडे कागदोपत्री पुरावा मागणे शक्य नव्हते. म्हणून यादीतील नाव, उमेदवारांच्या मतदान प्रतिनिधींची दक्षता आणि बोटावरील न पुसणारी शाई यांवर भिस्त ठेवण्यात आली. उत्तर भारतात अनेक स्त्रियांनी परक्यास स्वतःचे नाव न सांगता अमक्याची आई वा तमक्याची पत्नी अशी नोंद करविली होती. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी ग्राह्य धरल्या नाहीत, परिणामी सु. २८ लक्ष स्त्रियांची नावे यादीबाहेर राहिली. ओळखीच्या नियमामुळे मतदार वगळले जाण्याचे हे देशातील पहिले मोठे उदाहरण होय.

१९६१ च्या निवडणूक नियमांनुसार मतदाराच्या ओळखीबद्दल शंका असल्यास मतदान प्रतिनिधीने दोन रुपये अनामत भरून आक्षेप घ्यावयाचा असतो. म्हणजे पुराव्याचा आरंभ आक्षेपकाने करावा, अशी ही व्यवस्था आहे. आपल्या नावावर दुसऱ्यानेच मत दिल्याचे आढळल्यास खऱ्या मतदारास ‘प्रदत्त मत’ देता येते. परंतु ते वेगळे ठेवले जाते व सामान्यतः मोजले जात नाही. छायाचित्रयुक्त ओळखपत्राचा पहिला प्रयोग १९६० मध्ये कलकत्ता नैर्ऋत्य लोकसभा मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत झाला. सु. ३,४२,००० मतदारांपैकी सु. २,१३,००० मतदारांचीच छायाचित्रे घेता आली. अनेक स्त्रियांनी छायाचित्रास नकार दिला, तर अनेक मतदार घरी भेटले नाहीत. त्यामुळे योजना मागे पडली. पुढे १९७९ मध्ये सिक्कीममध्ये अशी ओळखपत्रे देण्यात आली.

मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या काळात, ऑगस्ट १९९३ मध्ये, देशभर छायाचित्रयुक्त ओळखपत्रे देण्याचा आदेश निघाला. ती न दिल्यास १ जानेवारी १९९५ नंतर निवडणुका घेणार नाही, असे शेषन यांनी जाहीर केले होते. परंतु काम अपुरे असतानाच महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक १९९५ च्या आरंभी पार पडली. २००० मधील हरयाणा विधानसभेच्या निवडणुकीपासून ओळखीचा पुरावा सक्तीचा होऊ लागला; मात्र पारपत्र, वाहनचालक परवाना, छायाचित्रयुक्त बँक-पासबुक इ. पर्यायी कागदपत्रे ग्राह्य ठरली. या पर्यायांमुळे सक्तीची झळ पुष्कळशी सौम्य झाली.

मुंबईत या प्रश्नास निवाऱ्याची जोड मिळाली. काही वस्त्यांतील नोंदलेल्या मतदारांकडे नागरिकत्वाचा पुरावा मागण्यात आला, तेव्हा लाल बाबू हुसेन खटल्यात (१९९५) सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की यादीत नाव असलेल्यास पुरेशी संधी दिल्याविना वगळता येणार नाही व पूर्वीची नोंद योग्य रीतीनेच झाली असे गृहीत धरावे. झोपडपट्टी पुनर्वसनासाठी १ जानेवारी १९९५ व पुढे १ जानेवारी २००० या दिनांकांपूर्वीचे वास्तव्य सिद्ध करावे लागे आणि त्याचा एक प्रमुख पुरावा मतदारयादीतील नोंद हा होता. त्यामुळे झोपडीवासीयांच्या दृष्टीने यादीतील नाव मतदानाच्या दिवसापुरते उरले नाही; घर मिळणे वा न मिळणे त्यावर ठरू लागले.

चेंबूरजवळील माहुल या तेलशुद्धीकरण कारखान्यांलगतच्या भागात २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतची विस्थापित कुटुंबे वसविण्यात आली. विद्याविहार, घाटकोपर इ. ठिकाणांहून आलेल्या अशा कुटुंबांच्या बाबतीत ओळखपत्र व मतदारयादी यांतील भेद स्पष्ट होतो. जुन्या ओळखपत्रावरून व्यक्तीची ओळख पटते; परंतु नाव जुन्या मतदारसंघातच राहिल्यास नव्या जागी मत देता येत नाही. नाव हलविण्यासाठी मतदाराने स्वतः अर्ज करावा लागतो.

परदेशांतील संशोधनातही संमिश्र निष्कर्ष आढळतात. अमेरिकेतील घटक राज्यांच्या २००८–१८ या काळातील कडक नियमांचा अभ्यास एन्रिको कांतोनी व व्हँसाँ पाँ यांनी केला (२०२१). त्यांना मतदानाच्या प्रमाणात लक्षणीय घट दिसली नाही. तसेच गैरप्रकारांत अथवा निवडणुकीविषयीच्या लोकमतातही फरक आढळला नाही. इंग्लंडमध्ये मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांत छायाचित्रयुक्त पुरावा प्रथम सक्तीचा झाला, तेव्हा सु. १४,००० मतदार पुराव्याअभावी परत गेले व पुन्हा आले नाहीत. हे प्रमाण सु. ०·२५ टक्के होते. मात्र केंद्रावर न येताच घरी राहिलेल्यांची गणना अशा आकड्यांत होत नाही.

भारतात २०२१ च्या कायद्याने मतदारनोंदणीस आधार क्रमांक जोडण्याची तरतूद झाली. २०२५ मध्ये बिहारमधील याद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणात सु. ६५ लक्ष नावे प्रारूप यादीत आली नाहीत आणि कागदपत्रांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. आधार हे ओळखीसाठी बारावे कागदपत्र म्हणून स्वीकारावे, असा आदेश न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये दिला. अशा रीतीने ओळखीच्या प्रश्नाचे केंद्र मतदानाच्या खोलीतून मतदारयादीकडे सरकले आहे. मतदान केंद्रावर अडविलेला मतदार दिसतो व मोजता येतो. यादीतून गळलेला मतदार बहुधा मतदानाच्या दिवसापर्यंत कोणाच्याच, कित्येकदा स्वतःच्याही, लक्षात येत नाही.